रडारवाले गुंडूशेठ

२००३ सालची गोष्ट. लष्कराच्या रडारची अँटेना ज्या बैठकीवर गरगर फिरते, ती बैठक ओतायचं काम कोल्हापुरात येणार होतं. बंगळूरच्या रडार कारखान्याच्या साहेबांनी उद्यमनगरातल्या शेजारीशेजारी असलेल्या दोन फौंड्र्यांकडून नमुने घेतले, एक शिवपुत्रकडून आणि एक गुंडूकडून. एक्स-रे काढला तेव्हा शिवपुत्रच्या बैठकीत बारीक पोकळी निघाली. गुंडूची पास झाली आणि काम त्याला मिळालं.

शिवपुत्रचा नुसता जळफळाट झाला. ज्या गुंडूला त्यानं हाताला धरून भट्टी लावायला शिकवलं, त्याचं कास्टिंग आता शत्रूची विमानं हुडकणार आणि आपण जन्मभर पंपाच्या बॉड्या ओतणार!

"नशीब लेकाचं," तो बायकोला, शांतादेवीला म्हणाला. "कारागिरी कसली त्यात!"

साहेबांची अट एकच होती. कुठं बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. गुंडूनं मान डोलावली. पण गुंडू राहायचा त्या शिवाजी पेठेत पोरगं दहावी पास झालं तरी चौकात बोर्ड लागतो, तिथं रडारचं काम मिळालेला गडी गप्प बसेल कसा? त्यानं तालमीतल्या चार दोस्तांना हळूच सांगितलं, बाकीचं दोस्तांनी बघितलं. एक बोर्ड पेठेत, एक उद्यमनगरच्या तोंडाशी. 'देशाच्या रडारचे शिल्पकार गुंडूशेठ.' मधे गॉगल लावलेला गुंडू, शेजारी हार घातलेली बैठक. वर हलगी लावून त्या बैठकीची ट्रॉलीतून मिरवणूकही निघाली. शिवपुत्रनं दारं-खिडक्या लावून घेतल्या, तरी गुलाल आत आलाच.

पुढच्या पाहणीला आलेल्या साहेबांनी बोर्ड बघितला. गुंडूकडं ते चहासुद्धा प्यायले नाहीत. तिथून उठून ते शिवपुत्रच्या केबिनमधे आले आणि कन्नडमधे म्हणाले, "दुसरा नमुना द्या. पास झाला तर काम तुमचं. पण घरातसुद्धा कळता कामा नये."

शिवपुत्रचा नमुना पास झाला. त्याला वाटलं, आता पोटातली आग विझली. बैठका ताडपत्रीखाली झाकून जाऊ लागल्या. कामगारांना, शांतादेवीला, सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, मोठ्या पंपाचं काम आहे.

पण गुंडूचे बोर्ड काही उतरले नाहीत. काम गेलं हे सांगायला गुंडूला लाज वाटत होती. कुणी विचारलंच तर तो डोळा बारीक करून म्हणायचा, "चालू हाय की. जास्त बोलायचं न्हाय, लष्कराचं हाय." त्यामुळं लोक त्याला आणखीनच मान देऊ लागले. चहाच्या गाड्यावर पोरं उठून त्याला बाकडं द्यायची. 'खोटं बोलतंय त्ये!' असं शिवपुत्रच्या अगदी ओठावर यायचं आणि तो ते चहाबरोबर गिळायचा. आधी तो गुंडूच्या कामावर जळत होता, आता नावावर जळू लागला, आणि हे जळणं जास्त वाईट होतं.

सव्वीस जानेवारीला शिवपुत्रच्या मुलीच्या, दानेश्वरीच्या शाळेत गुंडू प्रमुख पाहुणा होता. फेटा बांधून तो तावातावानं सांगत होता, "रडारात इमान टीव्हीवानी दिसतंय! पायलटच्या मिशासुद्धा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला गुच्छ द्यायला मुख्याध्यापकांनी नेमकं दानेश्वरीलाच पाठवलं. पालकांच्या रांगेत बसलेल्या शिवपुत्रनंही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला!

परतताना स्कूटरवर मागं बसलेली दानेश्वरी म्हणाली, "आप्पा, गुंडूकाकांच्या शेजारीच आपली फौंड्री हाय की. मग तुमास्नी का न्हाय जमलं रडार?"

शिवपुत्रनं स्कूटर कडेला घेतली. त्याच्या सहा बैठका तेव्हा सरहद्दीवर कुठंतरी फिरत होत्या. पोर वाट बघत होती.

"न्हाय जमलं, बाळ," तो म्हणाला.