उसनं भात

वडिवळ्याच्या सरकारी भात केंद्राचे प्रमुख श्रीपादराव करंदीकर शिकलेले, कामाला वाघ, पण वरचा साहेब येणार म्हटलं की त्यांची अक्कल शेण खायला जायची. ते एकोणीसशे सदतीस साल. पुण्याचे मोठे साहेब काम बघून केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार होते. आणि नेमके त्याच वेळी श्रीपादरावांनी पोटच्या पोरांसारखे वाढवलेले नवे वाण करपा रोगानं झोपले. रस्त्याकडेचा अख्खा वाफा तांबडा पडला.

आता हे थोबाड साहेबांना दाखवायचं कसं? श्रीपादरावांनी आदल्या दिवशी वाफा उपटून खतखड्ड्यात टाकला आणि शेजारच्या सरुबाईच्या खाचरातलं गावठी भात चिखलासकट आणून तिथं लावलं.

"दोनच दिवस, मावशी."

"न्या की. पर जपून, पोटरीला आलंय त्ये."

साहेब आले, बघितलं, जांभई दिली. "सगळं झकास जमलंय म्हणता? मग तुमचं काम संपलं, करंदीकर. आवरा आता केंद्र."

श्रीपादराव करायला गेले काय आणि झालं काय. तेवढ्यात बांधावरून सरुबाई आली, हातात हळदकुंकू, खण, नारळ. पोटरीतलं भात म्हणजे गरवार बाई, तिची ओटी भरायची ही तिच्या घरची रीत, आणि भात जिथं जाईल तिथं तिला जाणं भाग होतं. साहेबबिहेब तिच्या गावीही नव्हते.

"लक्ष्मी, परक्या दारी ऱ्हायलीस," ती रोपांना कुंकू लावत म्हणाली. "उद्या माघारी न्येते तुला."

"माघारी कुठं?" साहेबांनी विचारलं.

"माज्या खाचरात. तुमी येनार म्हून रावसायबांनी उसनं आनलंय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं श्रीपादरावांना झालं. पण आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? त्यांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. "सगळं करपलं, साहेब. चार-पाच रोपं तेवढी हिरवी राहिली होती."

"करप्यात तगली? मग बियाणं त्यांचंच धरायचं! कुठंयत ती?"

"रिकाम्या वाफ्यात फार वाईट दिसत होती, म्हणून..." श्रीपादरावांनी खतखड्ड्याकडे बोट केलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी गावोगावची केंद्रं बघत फिरतो. कुठंच काही फसत नाही, कारण कुणी काही करूनच बघत नाही. एका माणसाचं एकदा माझ्या मनासारखं फसलं, तर तो शहाणा ते उकिरड्यात पुरतो."

त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरले. मागोमाग श्रीपादराव. दोघं कोपरापर्यंत शेणात बरबटले. सरुबाई काठावरून "खाली बगा, वरचं सगळं वाळलंय" म्हणून दटावत होती. बऱ्याच वेळानं साहेबांच्या हाती एक गड्डा आला. मुळाला ओल होती, पात हिरवी होती. त्यांनी तो श्रीपादरावांच्या ओंजळीत ठेवला.

"पुढच्या वर्षी पुन्हा येईन," ते म्हणाले. "तेव्हा इथं सगळंच हिरवंगार दिसलं, तर मात्र कुलूप लावीन."