घरचा भोंगा

कारखान्यातली नोकरी सोडून प्रसेनजीतनं उद्यमनगरामागं, घराला लागूनच, पत्र्याच्या शेडात स्वतःचा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, बसवला, तेव्हा तो छाती फुगवून बायकोला, संघप्रियाला, म्हणाला होता, "आता भोंग्याची गुलामी न्हाय!"

झालं उलटंच. कारखान्यात भोंगा वाजला की हात थांबायचे, डबे उघडायचे. इथं थांब म्हणणारं कुणी नव्हतं. मालक स्वतःच, आणि हा मालक भलताच खडूस निघाला. जेवायला सोडीना, रविवार देईना. तास वाढले, चांगला माल मात्र घटला. दमलेला हात केसभर सरकायचा आणि पंपात बसवायचं बुश, ते धातूचं कडं, वाया जायचं.

काम देणारे बाळासो भला माणूस, पण तेही शेवटी म्हणाले, "गड्या, पुढची खेप अशीच आली तर काम दुसरीकडं द्यावं लागंल की." काम गेलं की लेथ विकायचा आणि परत कुणाच्या तरी गेटावर उभं राहायचं. प्रसेनजीतनं धसका घेतला आणि स्वतःला आणखीच जुंपलं.

एक दिवस दुपारी शेडच्या दारात स्कूटरचा हॉर्न कोकलला. संघप्रिया बटणावरचा अंगठा काढायला तयार नव्हती.

"डोकं फिरलं काय गं?"

"भोंगा झाला. मशीन बंद करा, हात धुवा."

"अगं, माल द्यायचाय..."

"मालासाठीच वाजवला. कारखान्यात एवढी बुशं वाया घालवत हुता काय? तिथं येळंवर जेवत हुता. चला."

कुरकुरत का होईना, जेवला. मग रोज दुपारी आणि दिवेलागणीला हॉर्न वाजू लागला. हात पुन्हा स्थिर झाला. पुढची खेप बाळासोंनी उलटीपालटी करून पाहिली आणि हसून म्हणाले, "आता कसं! पुढचं काम घिऊन जा."

ही बातमी त्यानं घरी सांगितली. संध्याकाळचा हॉर्न झाला, आंघोळ झाली, चहा झाला. संघप्रिया मात्र चुलीपुढून उठून मागच्या पायरीवर कानस घेऊन बसली. त्यानं कापलेल्या प्रत्येक बुशाची कड तीच घासून गुळगुळीत करायची. त्याला हे ठाऊक होतं, पण तिच्याकडं नीट बघायला सवडच झाली नव्हती. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

तो उठला आणि त्यानं स्कूटरचा हॉर्न दाबला.

"अवो, मगाशीच तर वाजवला की मी!"

"तो माझा हुता. ह्यो तुझा."

त्यानं तिच्या हातातली कानस काढून घेतली. मोकळे हात ठेवायचे कुठं, हेच तिला सुचेना.