ऐंशीतले पन्नास

मी दोर बोलतोय. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड, हार्डवेअरच्या दुकानात वाढलेला. बसा निवांत. माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण गिऱ्हाइकाला उभं ठेवून बोलायची आमच्या दुकानात रीत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण माणसांनी आमच्या जातीवर केली. कारखान्यात मला पीळ दिला तेव्हा मीही ती खरी मानली. पुढे रिळावर बसून दुकानात आलो, मालक पाहिले, आणि कळलं की पिळाच्या बाबतीत आम्ही अगदीच कच्चे.

मालक बोलायला गोड. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा. पण उभ्या जन्मात त्यांनी कुणी सांगितलेला आकडा खरा मानला नाही. सांगणारा वाढवूनच सांगतो, ही त्यांची श्रद्धा. कारण ते स्वतः तसंच सांगत. एकदा एका प्लंबरनं वीस फूट पाइप मागितला. मालकांनी पंधराच कापून दिला. बिचारा तुकड्यांसाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहिला. मालक दर वेळी चहा पाजत आणि म्हणत, "बघा, किती येणं-जाणं आहे आपलं!"

मालकीणबाई गल्ला सांभाळत. उभं राहून राहून त्यांचा एक गुडघा झिजला होता. ऑपरेशन ठरलं. त्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. गावाबाहेरच्या डोंगराच्या धारेनं चढायचं आणि पलीकडच्या घळीतून उतरून पुन्हा पायथ्याशी यायचं. लहानपणापासून तो डोंगर त्यांनी खालूनच पाहिला होता. डॉक्टर म्हणाले, "सावकाश चढा. उभा उतार मात्र टाळा. आणि ऑपरेशननंतर हे विसरायचं."

त्यांची धाकटी बहीण लोकांना डोंगरात फिरवून आणायचं काम करते. एका दुपारी दुकानाच्या काउंटरवरच बेत शिजला.

"ताई, धारेनं चढायचं, घळीनं उतरायचं. उलट नाही. धार उतरलीस तर गुडघा संपलाच. घळ सोपी आहे, फक्त तोंडाशीच साठ फुटांचा कडा आहे. तिथं मी तुला दोरानं खाली सोडते. भावोजी, ऐंशी फूट दोर लागेल."

"कडा साठचा, मग दोर ऐंशी कशाला?"

"बांधायचं झाड मागे आहे. शिवाय गाठींत जातो."

"गाठी काय जेवायला बसतात की काय?"

"भावोजी, हा भाजीबाजार नाही."

"बरं बाई, ऐंशी तर ऐंशी."

जिवाचा प्रश्न असा चहाच्या एका कपात संपला. उरलेली सगळी दुपार डब्यात काय न्यायचं यावर गेली. माणसं बुडत्या होडीत बसली तरी आधी डबा कुठं ठेवायचा ते बघतील.

ती गेल्यावर मालकांनी मला रिळावरून ओढलं. स्वतःशीच हिशेब चालला होता. "ऐंशी म्हणते म्हणजे हिला साठ हवाय. साठचा कडा म्हणते म्हणजे असेल चाळीसचा. चला, पन्नास देऊ. घरचंच काम आहे, दहा फूट जास्तीचे." आणि कात्री चालली. टोकं मेणबत्तीवर भाजून माझं असं देखणं वेटोळं बांधलं की उलगडायला कुणाचा हात धजू नये.

तिघं निघाले तेव्हा धाकटीनं मालकांना विचारलंच, "मोजून घेतलात ना?"

"अगं, दोरवाल्यालाच विचारतेस?"

ती हसली. हुशार माणसाला फसवायला खोटं लागत नाही, विनोद पुरतो.

धार म्हणजे दोन्हीकडून वारा आणि मध्ये पाऊलभर दगड. मालकीणबाई बसत, उठत, हातांनी दगड धरत चढल्या. माथ्यावर पोचल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. रडत नाहीये, वारा आहे."

मग आम्ही घळीच्या तोंडाशी आलो. धाकटीनं मला झाडाला बांधलं आणि खाली सोडलं. कधी नव्हे तो मी पुरा उलगडलो, आणि माझं टोक अधांतरी लोंबत राहिलं. खाली झुळझुळतं पाणी. तिथवर अजून तीन मजल्यांचं अंतर.

"भावोजी, हा किती आहे?"

"पन्नास. मला वाटलं, तू वाढवून सांगितलंस."

"साठ फुटांचा कडा मी कुणाला विकणार होते, भावोजी?"

मालकीणबाईंनी काठाशी बसून खालचं पाणी डोळे भरून पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "चला." परतीला वाट एकच होती, जी टाळायची तीच. धार उतरताना त्या बसून सरकल्या, आडव्या पावलांनी उतरल्या, नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून दात आवळत राहिल्या. पायथ्याशी आलो तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

"शिव्या तरी दे गं," मालक म्हणाले.

ऑपरेशन घाईनं करावं लागलं. आता मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बांधलेला आहे. मला धरून त्या उठून बसतात. इथं मी पुरतो. त्याचा मला अभिमान नाही. पलंगाला तर साडीचा काठसुद्धा पुरला असता. तुम्हाला एवढंच सांगतो, घासाघीस बाजारात खुशाल करा. पण कड्यावर उभं राहून आलेल्या माणसानं आकडा सांगितला, की तोंड मिटून तेवढा दोर कापा.

काल मालक पलंगाशी आले. म्हणाले, "धाकटीबरोबर मी जातो. नवा दोर घेऊन पुरी घळ उतरतो आणि आलो की तुला सगळं सांगतो. पाणी कसं आहे, दगड कसे आहेत, सगळं."

मालकीणबाईंनी मला दोन्ही हातांनी ओढलं, उठून बसल्या.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "त्यातलं निम्मं खरं धरीन."

मालकांनी त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. उशी मात्र बरोबर जागी ठेवली, एवढं मी मान्य करतो.