राखून ठेवलेला एक्केचाळीस

मित्रांनो, चिमट्यांच्या खुणांनी भरलेली ही जुनी फळी म्हणजे मी. सान कालिस्तोच्या मासळीबाजाराच्या दारात, बदामाच्या झाडाखाली, डोन्या बेनिग्नाच्या मांडीवर माझं आयुष्य गेलं.

तिच्या नवऱ्याने होडीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. रंधा मारला, गळ्यात अडकवायला पट्टा लावला. राष्ट्रीय लॉटरीची तिकिटं चिमट्यांनी माझ्यावर टांगली जात. खाऱ्या वाऱ्यात ती फडफडली की मला पंख फुटल्यासारखं वाटे.

आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकाचा आकडा विकणारीने राखून ठेवायचा, अशी रीत होती. डॉन कास्तुलोचा आकडा एक्केचाळीस. समुद्रावरून न परतलेल्या त्याच्या भावाच्या होडीवर तोच आकडा रंगवलेला होता. माझ्या उजव्या कोपऱ्यातला चिमटा त्याचा. तिकडे दुसऱ्या कुणी हात नेला की बेनिग्ना चापटी मारी.

"तुमचा आकडा तुमच्यासारखाच आळशी आहे हो," ती त्याला म्हणे. "उठून यायचं नाव नाही."

"येईल. तू आपली जागा राख."

मग एके वर्षी सरकारने लॉटरी चालवण्याचा परवाना काही खाजगी कंपन्यांच्या संघाला दिला. राजधानीत टाळ्या वाजल्या असतील. आमच्या झाडाखाली मात्र तिकिटं विकणाऱ्या बायका उरलेली तिकिटं मोजत बसल्या. संघाची एक मुलगी तिकिटं छापून देणारं नवं यंत्र दाखवायला आली. ती वाईट नव्हती. भर उन्हातही गोड बोलली.

"ज्याच्याकडे दुकान, छप्पर आणि वीज असेल त्यालाच यंत्र मिळेल, डोन्या."

"छप्पर आहे की," बेनिग्नाने झाडाकडे बोट दाखवलं. बायका हसल्या. मुलगीही हसली, पण तिने नकारार्थी मान हलवली.

"बरं, दुकानदार आकडा राखून तरी ठेवतील ना? माणूस कधी आजारी पडतो."

"आता आकडा कुणाचा नसतो, डोन्या. जो आधी येईल त्याचा."

बेनिग्नाने माझ्यावरून हात फिरवला.

जुन्या लॉटरीच्या शेवटच्या रविवारी माझ्यावर एकच तिकीट उरलं. डॉन कास्तुलो अंथरुणाला खिळला होता. बेनिग्ना मला गळ्यात अडकवून त्याच्या घरी गेली.

"दिला नाहीस ना कुणाला?" तो पुटपुटला.

"तुमच्या आळशाला कोण विचारतंय?" तिने तिकीट पुढे केलं.

"फळीवरच राहू दे. मला इथून दिसतं. पुढच्या रविवारीही राख हं."

पुढच्या रविवारी तिच्या हाती विकायला काही असणार नव्हतं.

"राखते," ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी ती सोडत होऊन गेलेलं तेच तिकीट माझ्या कोपऱ्यात लावून त्याच्याकडे जाई. त्याला त्यावरची तारीख दिसत नसावी. किंवा दिसतही असेल. तो गेला तेव्हा तिने ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

आता बेनिग्नाही नाही. तिची नात माझ्यावर मासे वाळवते. बाकीचे चिमटे कपड्यांच्या दोरीवर गेले. एकच गंजून माझ्यापाशी राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, कामालाही लावा. माशांचा वास येतो म्हणून माझी तक्रार नाही. फक्त कोपऱ्यातल्या त्या चिमट्यात दुसरं काही अडकवू नका. ती जागा राखलेली आहे.