सखूची ओवी आणि माझी थाप

धडांग! दचकलात ना मित्रांनो? दचका, दचका, मला फार मजा वाटते. मी ढोल आहे, सत्तरी ओलांडलेला. माझ्या वयाची माणसं काठी शोधतात आणि मी अजून गाणं शोधतो! लोक म्हणतात, या म्हाताऱ्याला बढाया मारायची खोड आहे. आहे! पण आज सांगतो ती बढाई नाही. एका दुपारी माझा आवाज कायमचा बंद व्हायचा होता, तो कसा वाचला ते ऐका.

माझा जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी, वेरूळजवळच्या एका धनगरवाडीत झाला. त्या धामधुमीत वाडीतला जुना ढोल गेला होता. बिरू तेव्हा विशीतला मेंढपाळ. वावटळीत पडलेल्या आंब्याचं खोड त्यानं महिनाभर कोरलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं चढवलं आणि दोरानं आवळलं. माझी पहिली थाप पडली तेव्हा चुलीवरच्या भाकरी करपल्या, पण बाया उठून बघायला आल्याच!

बिरूचे तीन नेम होते. आधी मला ऊन दाखवायचं. मग भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावायचा. मग सुंबरान मांडायचं, म्हणजे बिरोबाचं नाव घेऊन गाणं सुरू करायचं. त्याआधी मला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बिरू ओवी टाकायचा आणि बाकीचे त्याच्यामागं ओळ धरायचे. लेण्यांच्या माथ्यावर मेंढरं चरायची आणि आमचा आवाज पार घाटापर्यंत जायचा. बिरू स्वतः मात्र कधी कुणाच्या मागं गायला नाही. काय तो रुबाब!

पुढं कुरणं कमी झाली, मेंढरं विकली गेली. बिरूचा मुलगा त्रिंबक वाळूजच्या कारखान्यात लागला आणि मी खुंटीला लागलो. अंगावर धूळ चढली. एक उंदीर माझ्या दोरावर दात घासायचा, मेल्याला दुसरी जागाच नव्हती! पण त्रिंबकची लेक सखू शाळेतून आली की फडक्यानं मला पुसायची, हळूच एक टिचकी मारायची आणि खुदकन हसायची. त्या टिचकीवर मी दिवस काढले.

सखूनं गाणं कुठून उचललं म्हणाल, तर दिसेल तिथून. आजोबा बिरूच्या ओव्या तिला तोंडपाठ. आजी बानाबाई दळताना गायची, तिची चाल सखूनं घेतली. खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकून आली, तर आठ दिवस टाळ्या वाजवत घरभर फिरली. मोठी झाल्यावर तीही वाळूजला पॅकिंगच्या कामाला लागली आणि शिफ्टच्या गाडीत बसून स्वतःची गाणी रचू लागली. एका कॅसेटवाल्यानं तिला बोलावलं, आमची गाणी गा म्हणाला. ही बया काय म्हणाली माहीत आहे? "गळा माझा, तर शब्द बी माझेच." शाब्बास गं माझी वाघीण!

आपलं गाणं आपणच रेकॉर्ड करायचं, असं तिनं ठरवलं आणि आजोबांकडं मला मागितलं. बिरू तेव्हा ऐंशीच्या पुढं होता. त्यानं तिची ओवी ऐकली आणि मान हलवली.

"मेंढरं नाय, देव नाय. शिफ्टच्या गाडीची कुठं ओवी असती व्हय?"

"आबा, तुमी जे बघितलं ते तुमी गायलं. मी बघते ते मी गाते."

बिरूनं खुंटीवरच्या माझ्याकडं बोट केलं. "बरं. तुझ्या गाण्यात ढोल बोलला, तर तुझा. नाय बोलला, तर बिरोबाच्या देवळात टांगायचा. मग कुणी हात लावायचा नाय."

देवळात मान मिळतो मित्रांनो, पण थाप मिळत नाही.

मे महिना होता. त्रिंबकच्या मोटारसायकलवर, सखूच्या मांडीवर बसून मी वाडीवरून शहरातल्या पुंडलिकनगरला निघालो. बिरू रिक्षानं पुढं गेला होता. रेकॉर्डिंगची खोली एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर होती आणि ती चालवणारा कारभारी नावाचा माणूस घड्याळाकडं बघत बसला होता. "लई ऊन लागलं माझ्या ढोलाला," असं म्हणून सखूनं मला थेट कूलरसमोर ठेवलं. प्रेमानं हो! आहाहा, पाण्याचे तुषार, गार वारा! मला तर डुलकीच लागली. तिकडं कारभारी म्हणाला, "ताई, दोनच तास आहेत, पटकन घ्या." या घाईत सुंबरानही राहिलं.

लहानपणी बिरूकडं वाजवायला शिकलेल्या त्रिंबकनं थाप मारली. भद्द!

पुन्हा मारली. भद्द! ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज. शरमेनं मी अर्धा झालो. कारभारी म्हणाला, "राहू द्या, कॉम्प्युटरमधला ढोल लावतो." माझ्या जागी बटणातला ढोल! सखूच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको. माझा ढोल नाय, तर गाणं बी नाय."

बिरू जिंकला होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तो भिंतीला धरून उठला आणि त्यानं माझ्या कातड्यावर बोट दाबून बघितलं.

"ऊन दाखवलं व्हतं?"

"नाय आबा, कूलरपुढं ठेवला."

"भंडारा?"

"नाय."

"सुंबरान?"

सखूनं मान खाली घातली.

"मग कसा बोलंल तो? ढोलाला ऊन लागत नसतं पोरी, ऊन पाहिजे असतं! तुझ्या ओवीचा दोष नाय, तुझ्या घाईचा हाय. चल, गच्चीत चल!"

गच्चीवर ऊन नुसती आग ओकत होतं. माझं कातडं तटतटू लागलं, अंगात जीव आला! बिरूनं कनवटीचा भंडारा काढून मला लावला आणि सखूनं सुंबरान मांडलं. शेजारच्या गच्चीत मनकर्णाबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी ओरडून विचारलं, "अगं बाई, कुणाचं लगीन हाय?"

"माझ्या गाण्याचं!" सखू म्हणाली.

कारभारी हसत सुटला. घड्याळ विसरला आणि लांब वायर लावून माईक वर घेऊन आला. त्रिंबकनं हात उचलला आणि धडांग! गल्लीतली कुत्री उठली, मनकर्णाबाईंच्या हातातली कुरडई पडली. सखू गाऊ लागली:

"वाळूजच्या वाटंवरी गाडी निघाली गं भरून,
मेंढरांना व्हता राखणदार, माणसांचं बघतं कोण?"

आणि तेवढ्यात मागून एक खरखरीत आवाज आला, "माणसांचं बघतं कोण?" माझा विश्वासच बसेना. बिरू ओळ धरत होता! जन्मभर पुढं गायलेला माणूस नातीच्या मागं गात होता. त्या दिवशी मी जसा वाजलो, तसा पुन्हा कधी वाजलो नाही.

ते गाणं आता गावोगाव वाजतं. मधेच मनकर्णाबाईंच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, सखूनं ती काढू दिली नाही. बिरू आता नाही. मी सखूबरोबर हिंडतो, रोज ऊन खातो, भंडारा लावून घेतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य खुंटीला असेल, तर नुसतं पुसू नका. त्याला ऊन दाखवा, त्याचे नेम पाळा आणि मग खुशाल त्याच्यावर तुमचं नवं गाणं म्हणा. लाजू नका, मोठ्यानं म्हणा. मागं ओळ धरणारं कुणीतरी म्हातारं तिथंच बसलेलं असतं.