मागच्या सीटवर कोण बसायचं

मी एक जुना डाउनपाईप आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. गाडीच्या पोटाखाली वाकून बघायची हौस कितीजणांना असते? ज्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असतो, तिच्या टर्बोच्या तोंडाला लागून धूर खाली उतरवणारा पहिला पाईप म्हणजे मी. इंजिनाचा सगळा ताप आधी माझ्या अंगावर, मग मागच्या सायलेन्सरवर. आता मी पोन्से या आमच्या बेटावरच्या शहरात चेवोच्या दुकानामागे भंगारात पडलो आहे आणि कोंबड्या माझ्यावर खुशाल बसतात. माझ्या गळ्याजवळ केसाएवढी बारीक चीर आहे. त्या चिरेपायी एका घराने मला भूत मानलं होतं.

माझा जन्म याच दुकानातला. चेवोने दोन वाकवलेले पोलादी तुकडे जोडून मला घडवलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि भिंतीवर टांगलं. शेजारी आणखी एक पाईप टांगलेला होता. त्याच्या पोटात धूर स्वच्छ करणारी मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती आणि गळ्यापाशी तारांनी विणलेला लवचिक तुकडा. इंजिन हललं की तो तुकडा हलायचा, म्हणजे जोडावर ताण येत नसे. माझ्यात यातलं काहीच नव्हतं. मी आतून रिकामा, रुंद आणि सरळसोट होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा भारी तोरा होता.

एके दिवशी दुकानात अब्दिएल आला. डोंगरातल्या आदहुन्तास गावचा हा तरुण. त्याचे वडील गुमेर नुकतेच वारले होते. गुमेर जन्मभर भाड्याची गाडी चालवून गावची माणसं पोन्सेला आणत-नेत असत. घरच्यांसाठी त्यांनी हौसेने टर्बोची गाडी घेतली खरी, पण ती बैलगाडीच्या चालीने चालवली. ती गाडी आता अब्दिएलकडे आली होती.

"कुठला घेऊ, चेवोकाका?" त्याने विचारलं.

"हा जाळीवाला घे. महाग आहे, पण घरची माणसं बसत असतील तर हाच," चेवो तोंडातली काडी चावत म्हणाला. "तो दुसरा ताठ आहे. जोडावर ताण येतो त्याच्या."

"आणि आवाज?"

"आवाज म्हणशील तर ताठवाला. डोंगरापलीकडे ऐकू जाईल लेका!"

"मग तोच द्या."

"अरे, आईला बसवणार ना गाडीत?"

"आईच म्हणते, घर फार शांत झालंय."

चेवोने मला भिंतीवरून काढलं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या वैभवाचे होते. रविवारी गावच्या चौकात अब्दिएल गाडी लावायचा, तेव्हा पोरं कान देऊन माझा खर्ज ऐकत. कुणी म्हणे, "काय गळा आहे!" म्हाताऱ्या बायका खिडक्या आपटत आणि शिव्या देत. मला त्या शिव्याही गोड वाटायच्या. अब्दिएलची आई लुमीबाई मात्र वेगळ्या. दोन वळणांपलीकडून माझा आवाज आला की त्या चुलीवर कॉफी चढवायच्या आणि तुरीच्या दाण्यांचा भात गरम करायच्या. घरात पुन्हा कुणाची तरी वाट पाहायला मिळते आहे, याचंच त्यांना समाधान होतं.

पण डोंगरचा रस्ता म्हणजे वळणावर वळण. प्रत्येक चढाला इंजिन डुलायचं आणि तो हिसका सोसायला माझ्यात लवचिकपणा नव्हता. एका सकाळी माझ्या गळ्याशी काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून गार इंजिन सुरू झालं की माझ्यातून टिकटिक येऊ लागली. तापल्यावर ती थांबायची, पण धूर थांबत नसे. तो चिरेतून निघायचा, वर चढायचा आणि हवा आत घेणाऱ्या जाळीतून थेट गाडीत शिरायचा.

आणि मग गाडीत गुमेर येऊ लागले.

पहिल्यांदा ते लुमीबाईंना जाणवले. डोंगरात गारवा फार, म्हणून काचा बंद होत्या. बाई हळूच म्हणाल्या, "अब्दिएल, तुला वास येतोय का? तुझ्या पप्पांच्या शर्टाचा?" वास माझ्या धुराचाच होता. पण गुमेरचा जन्म धुरात गेलेला. त्यांच्या शर्टाला तरी दुसरा कसला वास येणार? पुढे बाईंचं कपाळ जड होऊ लागलं. त्याचाही त्यांनी अर्थ लावला. पूर्वी त्यांचं डोकं दुखलं की गुमेर कपाळावर तळवा दाबून धरत. "तसाच हात ठेवतात रे," त्या म्हणायच्या, "तेवढ्याच जोराने." पुढे पुढे तर त्या पुढची सीट सोडून मागे बसू लागल्या, एका कडेला सरकून, शेजारची जागा मोकळी ठेवून.

अब्दिएल चारचौघांत हसायचा. "आईचं डोकं फिरलंय," म्हणायचा. पण मला पोलादातून सगळं कळतं. मागच्या सीटवरून बाई कुजबुजल्या की तो पेडलवरचा पाय सैल करायचा, माझा आवाज उतरून त्यांचं ऐकू यावं म्हणून, आणि तरी तो काच खाली करत नसे.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागतो का? शेजारणींनी गावच्या चर्चच्या पास्टर ओबेदना बोलावलं. पास्टर म्हणजे गडगडाटी माणूस. "भूत इंजिन चालू असताना येतं ना? मग चालू करा!" म्हणत ते आत बसले, काचा लावल्या आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. हळूहळू त्यांचा आवाज बसत गेला. थोड्या वेळाने दार उघडून ते बाहेर पडले, कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकले आणि पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "आहे बाई. फार जड आत्मा आहे." झालं! जिला अजून शंका होती, तिचीही उरली नाही. मी तिथेच, बोनेटखाली, टिकटिक करत होतो. माझ्यापाशी शब्द नव्हते. कुणीतरी खाली वाकावं, एवढंच मला वाटत राहिलं.

कुणी वाकलं नाही. एका रविवारी मायलेक पोन्सेहून परतत होते. बाहेर बारीक पाऊस होता. वाटेत अब्दिएल डुकराचं भाजलेलं मांस घ्यायला टपरीवर थांबला आणि किल्लीला हात लावणार तोच बाई म्हणाल्या, "इंजिन बंद करू नकोस. ते निघून जातील." तो किल्ली तशीच ठेवून गेला.

टपरीवर रांग होती. मी धूर सोडत होतो आणि तो आत जात होता. आधी बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. गावातल्या कुणाच्या लग्नाची हकीकत त्या कुणाला तरी सांगत होत्या. मग शब्द तुटक झाले. मग काहीच नाही. मित्रांनो, मी एवढी आग सोसलेला पाईप, पण त्या शांततेने गारठलो. अब्दिएलने दार उघडलं तेव्हा त्या कडेला कलंडल्या होत्या, आणि त्यांचा हात शेजारच्या मोकळ्या जागेवर पालथा पडला होता.

पुढचं मला कळलं ते चेवोच्या दुकानात. बाई वाचल्या होत्या. दवाखान्यातल्या मिग्दालिया नर्सने पहिलाच प्रश्न विचारला होता, "गाडीत होत्या? काचा लावून?" आणि मग अब्दिएलवर जी तोफ डागली, ती त्याने मान खाली घालून चेवोला सांगितली. "भूत-बित काही नाही म्हणाली. रक्तात धूर भरलाय म्हणाली. आणखी थोडा उशीर झाला असता तर..."

चेवोने मला खोलून काढलं. मी अजून कोमट होतो. त्याने काजळी धरलेली चीर बोटाने दाखवली. "ही बघा, दोन्या लुमी," तो बाईंना मानाने हाक मारत म्हणाला. "एवढीशी."

लुमीबाई बऱ्या होऊन सोबत आल्या होत्या. त्यांनी चिरेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग विचारलं, "वेल्डिंग करून हाच बसवता येईल?"

"येईल की. पण पुन्हा फुटणार. दोन-चार महिन्यांत."

"पुन्हा फुटेल? नक्की?"

"नक्की."

बाईंचा चेहरा उजळला. मी तो उजेड पाहिला आणि मला धडकी भरली. "मग वेल्डिंगच करा," त्या म्हणाल्या.

चेवोच्या तोंडातली काडी खाली पडली. तो अब्दिएलवर घसरला. "आणि तू रे? बहिरा आहेस का? सकाळी गार इंजिनवर केवढी टिकटिक करत असेल ही चीर. ऐकू येत नव्हती?"

"येत होती," अब्दिएल म्हणाला.

"मग?"

तो टायरवर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. "आरशात पप्पा दिसायचे, आई. टोपी मांडीवर घेऊन बसलेले. पाईप दुरुस्त केला तर ते..."

"तुलाही दिसायचे?"

"पहिल्यापासून."

"आणि गावभर मला वेडी म्हणत फिरत होतास, मेल्या!" बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. हात उचलला नाही मात्र, तिथेच राहू दिला. "काही बोलले का रे तुझ्याशी?"

"नाही. तुझ्याशी?"

"नाही. नुसते बसायचे."

मग दोघंही रडली. गुमेर गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, एकमेकांसमोर. चेवो पाठ वळवून नटबोल्ट निवडत बसला. काही वेळाने लुमीबाईंनी डोळे पुसले. भिंतीवर टांगलेल्या माझ्या जुन्या शेजाऱ्याकडे त्या बघत राहिल्या.

"तो जाळीवाला," त्या म्हणाल्या. "तो लावला तर कुणीच येणार नाही ना आत?"

"कुणीच नाही, दोन्या लुमी."

"लावा," त्या म्हणाल्या.

मला अंगणात टाकलं गेलं. तिथून मी माझ्या शेजाऱ्याचा आवाज ऐकला. खालच्या पट्टीतला, शहाणा. गाडी फाटकाशी थांबली. बाई पुढच्या सीटवर होत्या. चारही काचा खाली आल्या. "मला मागणी घालायला आले तेव्हा तुझ्या पप्पांनी काय केलं होतं, सांगितलंय का कधी तुला?" त्यांचा आवाज आला. "नाही," अब्दिएल म्हणाला, "सांग ना." आणि गाडी डोंगराच्या दिशेने गेली.

मित्रांनो, मी तर भंगार झालो. पण तुमच्या गाडीखाली माझं एखादं भावंड राबत असेल. पाईप निवडताना नुसत्या आवाजाला भुलू नका. गाडीत बसून डोकं जड झालं तर आधी काचा खाली करा आणि मग खाली वाका. टिकटिक ऐकू आली तर ऐकून न ऐकल्यासारखं करू नका.

आणि घरातलं कुणी गेलं असेल, तर त्याच्याविषयी एकमेकांशी बोला. माझ्याकडे नुसता धूर होता. त्यात गुमेरना आणून बसवलं ते त्या दोघांनी, एकाच गाडीत, एकमेकांपासून लपवून. आणि त्यापायी त्या पोराची उरलेली आईसुद्धा जाणार होती.