दोन बोटं

रंग भाजण्याच्या भट्टीमागे वाकून मधुसूदनने गाठ सोडली आणि काळ्या लोकरीचा दोरा तळहातावर घेतला. भट्टीतला तापमापक कुणीतरी दोन बोटं बाहेर ओढून बांधला होता. त्यामुळे तो उष्णता कमी दाखवी आणि भट्टी ठरवलेल्या आकड्याहून जास्त तापे.

"घोंगडीचा दोरा आहे," मॅनेजर व्यंकटराव म्हणाले. "घोंगडी पांघरून कामाला येणारा आपल्याकडे एकच."

मल्हारी समोरच उभा होता. मेंढरं विकून कन्नडकडून चिकलठाण्याला आलेला. येत्या एक तारखेला तो नोकरीत कायम होणार होता.

"म्याच बांधला," तो म्हणाला. "कपाटाची दारं कच्ची निघत व्हती. नखानं रंग निघायचा. या सायबाला चारदा सांगितलं."

सांगितलं होतं खरं. भट्टीचा प्रोग्राम मधुसूदननेच सी भाषेत लिहिला होता. त्यात प्रत्येक आकड्यापुढे दोन गोष्टी ठरलेल्या: कुणी पाहायचा आणि कुणी बदलायचा. तापमानाचा आकडा सगळ्यांना दिसे, बदलण्याचा हक्क एकट्या मधुसूदनला. आकडा बदलला की प्रिंटर खडखडून बदलणाऱ्याचं नाव छापी आणि तो कागद व्यंकटरावांच्या टेबलावर जाई. ही शक्कलही त्याचीच, मोठ्या हौसेने लढवलेली. एकशे ऐंशी हा आकडा त्याने जुन्या रंगाच्या पत्रकावरून उतरवला होता. पुढे जास्त उष्णता लागणारा रंग आला, आकडा तोच राहिला. मल्हारीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्याला चूक कळली होती.

"तुमचा आकडा बरोबर आहे ना?" व्यंकटरावांनी विचारलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी देताना निदान हात तरी थरथरत असेल, असं मधुसूदनला वाटत आलं होतं. त्याचा हात अगदी स्थिर होता. त्याने मान डोलावली.

विद्यापीठाचं नामांतर होऊन आठवडा झाला होता, तरी जालना रोडवर पोलिसांची गाडी उभीच होती. गेटवर, कामावरून काढलेल्या मल्हारीची पिशवी तपासली जात होती. मधुसूदन तिथवर का आला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"कन्नडची एसटी सुरू झाली का?"

"झाली म्हणत्यात." मल्हारीने घोंगडी खांद्यावर टाकली. "सायब, आकडा तेवढा वाढवा. दारं लोकाच्या घरात जात्यात."

परत येऊन मधुसूदन कॉम्प्युटरपुढे बसला. पासवर्ड टाकला. एकशे ऐंशी खोडून एकशे पंच्याण्णव लिहिलं आणि एंटरवर बोट ठेवलं. शेजारी प्रिंटर कागद लावून तयार होता.

त्याने एंटर न दाबताच बोट उचललं आणि नवा आकडा खोडला. पडद्यावर पुन्हा एकशे ऐंशी आलं.

मग खिशातला दोरा घेऊन तो भट्टीमागे गेला. तापमापक दोन बोटं बाहेर ओढला आणि बांधू लागला. गाठ मल्हारीसारखी बसेना. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.